खोलीत कॅमेरा लावताय, पण आजींना विचारलंत का?

सांगली-मिरज भागात वृद्धाश्रमाची चौकशी करायला येणारी मुलं पूर्वी विचारायची, जेवण कसं असतं, पथ्यपाणी सांभाळता का, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळतो का. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास असतो. "रूममध्ये कॅमेरा आहे ना? आम्हाला मोबाइलवर बघता येईल ना?" मुलगा पुण्यात हिंजवडीला, मुलगी बंगळूरला नाहीतर साता समुद्रापार, आणि आई किंवा वडील इथे. त्यांचा जीव टांगणीला लागलेला असतो आणि त्याला कारणही असतं. म्हातारं माणूस रात्री पडलं आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, सांभाळणाऱ्याने हात उगारला, अशा गोष्टी घडतात. ही काळजी खोटी नाही.

पण ही सगळी बोलणी ऑफिसात होतात, मुलगा आणि व्यवस्थापक यांच्यात. जिच्या पलंगावर कॅमेरा रोखला जाणार, ती आजी त्या वेळी बाहेर बाकावर मांडीवर पिशवी धरून बसलेली असते. तिला कुणी काही विचारत नाही. कॅमेरा, कायदा आणि खासगीपणा हा विषय ऐकायला जड वाटतो, पण त्यातला बराचसा गुंता याच एका गोष्टीने होतो.

आधी यंत्र समजून घेऊ

कॅमेऱ्यातून आलेलं चित्र एका पेटीत साठतं. तिला डीव्हीआर किंवा एनव्हीआर म्हणतात. पेटीत कॉम्प्युटरसारखीच हार्डडिस्क असते. ती भरली की सगळ्यात जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं आणि त्या जागी नवं चढतं. कॅमेरे किती, चित्र किती स्पष्ट ठेवलंय आणि डिस्क केवढी, यावर पंधरा दिवसांचं चित्रण राहणार की महिन्याभराचं, ते ठरतं. हे नीट लक्षात ठेवा. मारहाणीची शंका आल्यावर चार महिन्यांनी फुटेज मागायला गेलात, तर ते बहुतेक शिल्लकच नसतं.

ही पेटी इंटरनेटला जोडली की मोबाइलवरून बघता येतं. ॲप घ्यायचं, पेटीवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, पासवर्ड टाकायचा, झालं. प्रत्येकाला वेगळं खातं काढून देऊन त्याला ठरावीक कॅमेराच दिसेल, अशी सोय बऱ्याच पेट्यांमध्ये असते. पण ती वापरायला वेळ कुणाला असतो? पुष्कळदा एकच मुख्य पासवर्ड सगळ्यांना वाटला जातो. तो व्यवस्थापकाकडे असतो, कॅमेरे बसवून गेलेल्या माणसाकडे असतो, आणि ज्या मुलाला फक्त स्वतःच्या आईची खोली बघायची होती त्याच्याकडेही असतो. मग त्याच्या मोबाइलवर चार परक्या बायकांच्या खोल्याही उघड्या पडतात. त्याने मुद्दाम बघितलं नाही तरी त्या उघड्याच राहतात.

यातून काय होऊ शकतं, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसलं. गुजरातमधल्या राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं, बायकांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोचल्याचं उघडकीला आलं. पैसे मोजणाऱ्यांना ते विकलं जात होतं. अटक झालेल्यांमध्ये एक जण लातूरचा आणि एक आपल्या सांगलीकडचा होता. त्या रुग्णालयाच्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड 'ॲडमिन१२३' होता, असं तपासात पुढे आलं. तिथेही कॅमेरे सुरक्षिततेसाठीच लावले होते. त्या बायकांना आपलं चित्रण होतंय आणि ते असं कुठवर जाऊ शकतं, याची कल्पना कुठून असणार?

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अनेक कॅमेऱ्यांत माइकही असतो. म्हणजे शेजारच्या पलंगावरच्या बाईपाशी मन मोकळं करताना आजी सुनेबद्दल जे बोलतात, तेही साठतं. त्याहून वाईट म्हणजे भेटायला आलेल्या भाचीला "इथं मला उपाशी ठेवतात गं" असं सांगायचं असेल, तर ते शब्द ज्यांच्याविरुद्ध आहेत त्यांच्याच पेटीत जाऊन पडतात. माझं स्पष्ट मत आहे की राहत्या खोलीत कॅमेऱ्याचा वाद बाजूला ठेवला तरी माइक बंदच असायला हवा. सेटिंगमध्ये तो बंद करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही.

कॅमेरा काय करत नाही

एका आश्रमाच्या ऑफिसात टीव्हीवर सोळा चौकोन चालू असलेले मी बघितले. समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. व्यवस्थापक बाहेर टेम्पोतून उतरवलेला किराणा मोजून घेत होते. यात त्यांचा दोष काढायचा नाही, दोन माणसांवर आश्रम चालतो तिथे टीव्हीपुढे बसून राहणार कोण? पण मग हे लक्षात घ्यायला हवं की कॅमेरा पडणाऱ्याला धरत नाही. माणूस कसं पडलं, ते नंतर दाखवतो.

त्याच आश्रमात नऊवारी नेसणाऱ्या एक आजी आहेत. नऊवारीला जागा लागते. पाय रोवून उभं राहायचं, निऱ्या करायच्या, वाकून काष्टा मागे घ्यायचा आणि खोचायचा. खोलीत कॅमेरा बसल्यापासून आजी लुगडं उचलून न्हाणीघरात जातात. ओल्या फरशीवर एका हाताने नळ धरतात, पदर भिजू नये म्हणून दातात धरतात आणि तशाच नेसतात. पडू नये म्हणून लावलेल्या कॅमेऱ्याने त्यांना इमारतीतल्या सगळ्यात निसरड्या जागी नेऊन उभं केलं, आणि तिथे त्या पडल्या तर बघायला कॅमेरा नाही. त्या म्हणाल्या, "रात्री त्येचा लाल दिवा दिसतो न्हवं, झोपच लागत न्हाई बघा. कोन बगतंय कुनाला ठावं." अंधारात चित्र यावं म्हणून कॅमेऱ्याभोवती जे दिवे असतात, त्यांची ती लालसर झाक असते. त्यांच्या मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला मोबाइलवर आई पलंगावर निजलेली दिसायची आणि त्याला बरं वाटायचं.

पडू नये म्हणून उपयोगी पडतात त्या गोष्टी साध्या आहेत. संडासात आणि न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी फरशी, रात्रभर मंद दिवा, हाताला येईल अशी बेल, आणि बेल वाजल्यावर उठणारं माणूस. पलंगाशेजारी टाकायची दाबाची चटईही मिळते. पाय टेकला की ऑफिसात बझर वाजतो, चित्र कुठेच जात नाही. "कॅमेरा आहे ना?" असं विचारणाऱ्या मुलाने त्याच दमात "रात्री जागं कोण असतं?" हेही विचारावं.

कायद्याचे तुकडे जोडावे लागतात

वृद्धाश्रमात कॅमेरा कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ज्या २००७ च्या कायद्याच्या आधारे म्हातारे आईवडील निर्वाहभत्त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करतात, त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा आश्रमाची तरतूद आहे. कॅमेऱ्याबद्दल मात्र तो काही सांगत नाही. म्हणून वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडावे लागतात.

पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा २४ ऑगस्ट २०१७ चा एकमताचा निकाल. खासगीपणा हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात ठरलं. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो, ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी निकालाच्या दिवशी ९१ वर्षांचे होते. वय झालं की माणसाला कसला आलाय खासगीपणा, असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. या हक्काला कात्री लावायची तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय त्या उद्देशाला लागेल तेवढाच हवा. तिसरी कसोटी आपल्या फार कामाची आहे. गोळ्या चुकतात म्हणून कॅमेरा हवा असेल तर तो औषधांच्या कपाटावर लावा. पलंगावर कशाला?

मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध असतात, मग खासगी आश्रमाला ते लागू कसे, हा प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क सरकारेतर व्यक्तींविरुद्धही मागता येतात. आणि २०२५ मध्ये कोलकात्याचं एक प्रकरण गाजलं, ते तर दोन सख्ख्या भावांमधलं होतं. एकाच घरात राहणाऱ्या दोघांपैकी एकाने राहत्या भागात कॅमेरे लावले. बरोबर राहणाऱ्याची संमती नसताना राहत्या भागात असे कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कलकत्ता उच्च न्यायालयाने म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. घरातल्या भावाला जो हक्क मिळाला, तो एका खोलीत तीन पलंगांवर राहणाऱ्या तीन परक्या बायकांना नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

पोलीस ठाण्यांचं उदाहरणही बघण्यासारखं आहे. कोठडीतले अत्याचार थांबावेत म्हणून डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या ठाण्यांत कॅमेरे लावायचा आदेश दिला. दार, कोठडी, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, सगळीकडे. पण त्या यादीत शौचालयापाशी स्पष्ट लिहिलं आहे की कॅमेरा बाहेर, आत नाही. कोठडीतल्या माणसासाठीही ही मर्यादा पाळायची आहे. आपल्या आश्रमांमध्ये खोलीला लागून जे न्हाणीघर असतं, त्याचं दार उघडलं की आतलं अर्धं दृश्य खोलीतल्या कॅमेऱ्यात येतं. कॅमेरा कुठे टांगलाय यापेक्षा त्याच्या चित्रात काय काय येतं, ते ऑफिसच्या टीव्हीवर स्वतः उभं राहून बघा.

फौजदारी बाजू थोडक्यात सांगते. एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण त्याच्या संमतीविना जाणूनबुजून करणं किंवा पसरवणं, हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो आजोबांनाही लागू आहे आणि आजींनाही. बाईला आडोसा मिळायला हवा अशा जागी, अंघोळ करताना किंवा कपडे बदलताना ती उघडी असेल तेव्हा तिला चोरून बघणं किंवा चित्रित करणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं, पुन्हा झाला तर तीन ते सात.

शेवटचा तुकडा नवा आहे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. मुलाने स्वतःच्या घरी घरगुती वापरासाठी लावलेला कॅमेरा या कायद्याच्या बाहेर आहे, पण पैसे घेऊन किंवा देणगीवर माणसं सांभाळणाऱ्या संस्थेला ती सवलत नाही. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी. ती मागणारा मजकूर मराठीत मिळायची सोय हवी. आणि संमती द्यायला जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. प्रवेशाच्या छापील फॉर्मवर बारीक अक्षरात "संस्थेचे सर्व नियम मान्य" असं लिहून घेतलेली सही या मापात कुठे बसते, ते तुम्हीच बघा. चित्रण फुटलं तर ते ज्यांचं आहे त्यांना कळवणं बंधनकारक आहे. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून घातलेला आहे, पण कर्तव्य छोट्या आश्रमालाही आहे.

संमती कुणाची?

ज्या माणसाचं चित्रण होणार, त्याची. फी भरणाऱ्याची नाही. शुद्धीत असलेल्या, आपलं बरं-वाईट कळणाऱ्या सज्ञान माणसाच्या वतीने त्याचा मुलगा सही करू शकत नाही, मग मुलगा कितीही प्रेमळ असो. ज्येष्ठ नागरिक झालं म्हणजे माणूस अज्ञान होत नाही. मुलगा आहे म्हणून तो आपोआप आईचा कायदेशीर पालकही होत नाही.

विचारायचं कसं, यालाही महत्त्व आहे. "आजी, तुमच्या काळजीसाठी कॅमेरा लावतोय हं" हे विचारणं झालं नाही, हे सांगणं झालं. तिला ऑफिसच्या टीव्हीपुढे बसवा. खोली कशी दिसते ते दाखवा. हे कोण कोण बघणार, किती दिवस राहणार, कपडे बदलताना काय करायचं, आणि नको वाटलं तर कुणाला सांगायचं, हे तिच्या बोलीत सांगा. दोन दिवस जाऊ द्या आणि मुलगा समोर नसताना पुन्हा विचारा. पोराला वाईट वाटेल म्हणून हो म्हणणाऱ्या आया आपल्याकडे घरोघर आहेत.

ज्यांना विसरण्याचा आजार आहे, त्यांचं काय? खरी अवघड जागा ही आहे आणि इथे सरसकट उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा असं धरून चालतो की आजार आहे एवढ्यावरून माणसाची निर्णय घ्यायची ताकद गेली असं मानायचं नाही. या कायद्याखालच्या आस्थापनेत राहणाऱ्यांना खासगीपणाचा हक्क आहे आणि त्यांच्या माहितीची गोपनीयता डिजिटल साठवणीलाही लागू आहे. शिवाय बरं असतानाच पुढच्या उपचारांबद्दलच्या सूचना लिहून ठेवायची आणि आपला प्रतिनिधी नेमायची सोय त्यात आहे. ज्यांच्या घरी नुकतं निदान झालंय, त्यांनी ती वापरावी आणि त्याच बैठकीत कॅमेऱ्याबद्दलचं मतही कागदावर उतरवून ठेवावं.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने यावर काढलेली वाट मला फार पटते. तिथे २०१६ पासून खोलीतल्या कॅमेऱ्यासाठी वेगळा कायदा आहे. रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने संमती देण्याआधी रुग्णाला विचारावंच लागतं आणि त्याचं उत्तर नोंदवावं लागतं. त्याने बोलून, मान हलवून, कसाही नकार दिला तर तो नकारच. खोलीत दुसरं कुणी राहत असेल तर त्याचीही संमती लागते, आणि कॅमेरा माझ्याकडे फिरवायचा नाही किंवा आवाज घ्यायचा नाही अशी अट तो घालू शकतो. हे आपल्याकडे लागू नाही, पण एखाद्या आश्रमाने उद्यापासून असं वागायचं ठरवलं तर त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

एवढं सगळं सांगून झालं तरी मी कॅमेऱ्याच्या विरुद्ध नाही. गेट, जिना, व्हरांडा, स्वयंपाकघर, औषधांचं कपाट, पैसे घ्यायचं टेबल, इथे कॅमेरे असावेत आणि ते आहेत असं मराठीत ठळक लिहिलेलं असावं. रात्री तीन वाजता कोण कुठल्या खोलीत गेलं आणि किती वेळाने बाहेर आलं, हे व्हरांड्यातल्या कॅमेऱ्यावरून कळतं. बऱ्याच तक्रारींना तेवढा पुरावा पुरतो. खोलीत खरंच लागला तर पलंगाचा भाग काळ्या चौकोनाने झाकायची सोय बऱ्याच कॅमेऱ्यांत असते, ती वापरा. चेहरा भिंतीकडे फिरवता येईल असा कॅमेरा घेतलात तर तो फिरवायचा हक्क आजींना द्या.

शंका आली तर

आईच्या दंडावर वळ दिसले, ती कुणाला बघून दचकते, तर मन धास्तावतं आणि हात आधी ऑनलाइन दुकानाकडे जातो, घड्याळात किंवा चार्जरमध्ये लपवलेला कॅमेरा मागवायला. थांबा. त्या खोलीत दुसऱ्या बायकाही कपडे बदलत असतील, तर चांगल्या हेतूने लावलेला तो कॅमेरा तुम्हालाच वर सांगितलेल्या कलमांपाशी नेऊन उभा करू शकतो.

त्याऐवजी त्याच दिवशी वळांचे फोटो आईला विचारून काढा आणि सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्या. व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं व्हरांड्याचं चित्रण पुसू नका, वेगळं काढून ठेवा, आणि त्यावर पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर पंधरा दिवसांत पेटी ते स्वतःच पुसून टाकेल. पुढे न्यायालयात ते चित्रण दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, म्हणून मोबाइलवर टीव्हीचा व्हिडिओ काढून आणण्यावर अवलंबून राहू नका. मारहाण असेल तर पोलीस ठाणं, तातडीला ११२. चित्रण फुटल्याची शंका असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. संस्था अनुदानित असेल तर जिल्ह्याच्या समाज कल्याण कार्यालयात, ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही अर्ज देता येतो. आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आजींना स्वतः लावता येते. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या पलंगाजवळ चिकटवा, आणि फोन ऑफिसात जमा करून घेणारा आश्रम असेल तर प्रवेश घ्यायच्या आधी त्याचं कारण विचारा.